'प्रिव्हेंट टू' लिहिताय? अडवणे, आवरणे, टाळणे यांच्या इंग्रजीत या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पाटी आहे : 'चिल्ड्रन आर प्रिव्हेंटेड टू प्ले हिअर.' रोज संध्याकाळी तिच्या समोरच क्रिकेट चालतं आणि पाटीचा खांब हाच स्टंप असतो. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण मुळात ती पाटीच खोटं बोलते आहे.

'प्रिव्हेंट' म्हणजे घडूच न देणं. मुलं तिथे प्रिव्हेंट झाली असती, तर खेळताना दिसलीच नसती. पाटी लावणाऱ्याला म्हणायचं होतं 'मनाई आहे'. त्यासाठी इंग्रजीत 'प्रोहिबिट' किंवा 'फॉरबिड' आहे. मनाई मोडता येते. जे प्रिव्हेंट झालं ते झालेलंच नसतं. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदात अस्पृश्यतेचं आचरण 'फॉरबिडन' आहे असं म्हटलंय, 'प्रिव्हेंटेड' नव्हे. कायदा मनाई करू शकतो. प्रत्यक्षात रोखणं हे पुढचं काम. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या नावात तर प्रिव्हेन्शन आणि प्रोहिबिशन दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, आणि मराठी नावातही 'प्रतिबंध, मनाई व निवारण' असे वेगळे शब्द आहेत. छळ होऊच नये म्हणून कार्यशाळा घेणं, माहितीचे फलक लावणं हा प्रतिबंध. छळ करायचा नाही, हा नियम म्हणजे मनाई.

पाटीतली दुसरी चूक 'टू'ची. गेली बरीच वर्षं लोकांचे इंग्रजी अर्ज आणि पत्रं तपासून देतोय, त्यात ही चूक सगळ्यात जास्त भेटते. गंमत म्हणजे इथे मराठी आपल्याला बरोबर उत्तर देत असते, आपणच ऐकत नाही. 'मुलांना खेळण्यापासून रोखलं' असं आपण म्हणतो ना? ते 'पासून' म्हणजेच 'फ्रॉम'. प्रिव्हेंट देम फ्रॉम प्लेइंग. 'डिटर', 'रिस्ट्रेन', 'डिस्करेज' सगळ्यांना हेच लागतं. उलट 'खेळायला मनाई केली' यातलं 'ायला' म्हणजे 'टू' : फॉरबिड देम टू प्ले. ही युक्ती एका ठिकाणी हमखास दगा देते. 'प्रोहिबिट' अर्थाने मनाईचा, पण चालतो 'फ्रॉम'ने. तेवढा अपवाद पाठ करून टाका.

'स्टॉप'च्या बाबतीत 'फ्रॉम' गाळलं तरी चालतं, ब्रिटिश इंग्रजीत तर सर्रास गाळतात. पण ती सवय 'कीप'ला लावलीत की घात झालाच. 'कीप हिम फ्रॉम रनिंग' म्हणजे त्याला पळू देऊ नका. 'कीप हिम रनिंग' म्हणजे त्याला पळतंच ठेवा. एका शब्दाने अर्थ उलटा. आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट सोडली नव्हे, तर सिगारेट ओढायला थांबला. हे बहुतेकांना शाळेत सांगितलेलं असतं, तरी अर्जात येतंच.

एक चूक मात्र खास आपली आहे. 'मूल पडू नये म्हणून कठडा बांधला' या मराठी वाक्यात नकार आहे. त्याचं इंग्रजी करताना लोक तो नकारही सोबत नेतात : 'टू प्रिव्हेंट द चाइल्ड फ्रॉम नॉट फॉलिंग'. म्हणजे मूल न पडण्याला अडवलं, थोडक्यात पाडलं! 'नये'चं सगळं काम 'प्रिव्हेंट' एकटाच करतो. त्याच्या मागे 'नॉट' दिसला की आधी तो खोडा, मग वाक्य वाचा.

'अव्हॉइड' कोणाचा?

'अव्हॉइड' म्हणजे टाळणं, आणि टाळणारा स्वतः बाजूला होतो. खड्डा चुकवणारा अव्हॉइड करतो. खड्डा बुजवणारा पुढचे अपघात प्रिव्हेंट करतो. म्हणून 'द कमिटी शुड अव्हॉइड मेंबर्स फ्रॉम पार्किंग' हे वाक्य उभंच राहत नाही. कमिटीने दुसऱ्याला अडवायचं आहे, स्वतः पळ काढायचा नाही (तो ती काढतेच, पण ते वेगळं). 'अव्हॉइड टू पार्क' हेही नको, 'अव्हॉइड पार्किंग'.

'रिफ्रेन'ही स्वतःपुरताच. 'प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग' बरोबर, 'रिफ्रेन हिम' चूक. दुसऱ्याला आवरायचं तर 'रिस्ट्रेन'. मराठीत 'राग आवर' आणि 'त्याला आवर' दोन्हींना एकच क्रियापद पुरतं, म्हणून हा गोंधळ होतो.

बाकीच्या बाबतीत मात्र मराठी इंग्रजीला पुरून उरते. आपण डोक्यात सगळ्यांसाठी 'थांबवणे' धरून बसतो आणि मग 'स्टॉप'शिवाय काही सुचत नाही. त्याऐवजी आधी नेमकं मराठी क्रियापद शोधा. वचक बसवायचा असेल तर 'डिटर' : दंडाच्या भीतीने माणूस त्या वाटेला जातच नाही. आळा घालायचा, लगाम लावायचा तर 'कर्ब'. हा शब्द मुळात घोड्याच्या लगामाचाच, त्यामुळे कर्ब झालेली गोष्ट बंद पडत नाही, आटोक्यात येते. पावसामुळे कामात अडथळे येत असतील आणि काम रखडत का होईना चालू असेल तर 'हॅम्पर' किंवा 'हिंडर'. कोणाच्या बेतात मोडता घातला, बेत पार फसला, तर 'थ्वॉर्ट'. शह द्यायचा असेल तर 'चेक', आणि इथे भाषांतराची गरजच नाही : बुद्धिबळातला आपला शह आणि इंग्रजीतला चेक हे दोन्ही फारसी 'शाह'वरूनच आले आहेत.

'होल्ड'चं कुटुंब जरा त्रासदायक. हातचं राखून ठेवलं, डोळ्यातलं पाणी परतवलं, तर 'होल्ड बॅक'. ट्रॅफिकमध्ये खोळंबा झाला तर 'हेल्ड अप'. बॉसला 'आय वॉज हेल्ड बॅक ॲट द सिग्नल' लिहिलंत तर सिग्नलवर कोणी दंड धरून मागे खेचलं असं वाटेल. अमेरिकेतल्या नातेवाइकांना 'चिरंजीव हेल्ड बॅक' असं कळवू नका. तिकडे त्याचा अर्थ पोराला त्याच इयत्तेत पुन्हा बसवलं असा होतो. निकाल किंवा पगार राखून ठेवला असेल तर 'विथहेल्ड', आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये एच लागोपाठ दोनदा येतो. 'थ्रेशहोल्ड'मध्ये मात्र असे लागोपाठ दोन एच नाहीत. याला काही तर्क नाही, लक्षात ठेवायचं.

शेवटी एक शब्द, जो तुमच्या कपाटात असूनही कदाचित कधी वाचला नसेल. पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने विनंती आहे की धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. माझ्या एका परिचिताने त्याचा अर्थ 'उशीर न करता' असा लावला होता, कारण आपल्याकडे गाडी लेट असते. पण स्पेलिंग वेगळं आहे. हा 'लेट' म्हणजे जुन्या इंग्रजीतला अडथळा. 'जाऊ देणे' अर्थाचा नेहमीचा लेट आणि हा अडवणारा लेट, जुन्या इंग्रजीतली ही दोन वेगळी क्रियापदं झिजत झिजत एकसारखी दिसू लागली. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून योग्य चौकोनात पडला की पंच 'लेट' म्हणतात आणि सर्व्हिस पुन्हा होते. तिथे तो अडथळ्याचाच लेट मानतात. तुमच्या पत्रात मात्र हा जुना लेट आणू नका. 'ही लेट मी' लिहून 'त्याने मला अडवलं' असं सुचवायला गेलात, तर वाचणारा विचारेल, 'मग गेला का नाहीत?'