गंगावेशीतली म्हैस आणि आपोआप ब्रेक

आपोआप ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायला आधी रस्त्यावर जायचं नाही, भावांनो. ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशावरून कोल्हापुरातला गंगावेस ते रंकाळा तुकडा उतरवा, त्याची ओपनड्राइव्ह फाईल (रस्त्यांचा आराखडा लिहायची पद्धत) करून कार्लामध्ये, म्हणजे गाड्यांच्या आभासी चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवा. हातगाड्या नकाशात येत नाहीत, त्या हातानं मांडा.

मग सिंक्रोनस मोड लावा, म्हणजे कार्ला तुमच्या कोडनं सांगितल्यावरच एकेक टप्पा पुढं सरकतं; टप्पा ०.०५ सेकंदाचा पक्का करा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. तीच चाचणी सकाळी पास, जेवून आलो की नापास! दोन दिवस कोडला शिव्या घातल्या आणि खोड निघाली लॅपटॉपच्या कमीजास्त वेगात.

आता म्हैस. धारेला निघालेली, रिक्षाआडून एकदम पुढ्यात. (म्हशीचं मॉडेल नसलं तर तेवढ्या आकाराचा खोका चालतो, तो काय रुसत नाही.) गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हैस २० मीटरवर. पाऊस पडून रस्ता निसरडा, दर सेकंदाला वेग फक्त ३ मीटरनं उतरतोय. थांबायला जवळपास १६.७ मीटर हवेत. सेन्सरचा निरोप मुद्दाम ०.३ सेकंद उशिरा द्या, ३ मीटर तिथंच गेले. म्हैस फूटभरानं वाचते.

उशीर ०.४ करा, धडक. ही हद्द लिहून ठेवा आणि कोड बदलला की रोज रात्री हाच प्रसंग पुन्हा चालवा.