दवाखान्याची पडून असलेली इमारत गावाच्या कामी आणताय? या चुका टाळा

पुणे जिल्ह्यात एकीकडे हिंजवडी, चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात लोकवस्ती इतकी वाढली आहे की सरकारी दवाखान्यांवर ताण येतो. दुसरीकडे भोर, वेल्हे, आंबेगावच्या आतल्या गावांत धडधाकट इमारतीचा निम्मा भाग कुलपात असलेला दिसतो. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली, रस्ते सुधारले, बाळंतपणं तालुक्याच्या गावी होऊ लागली. काही ठिकाणी डॉक्टरांची पदंच भरली गेली नाहीत. खाटा राहिल्या, पेशंट गेले.

अशा जागेत अभ्यासिका, बचत गटाचं केंद्र किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराची सोय व्हावी ही गावाची मागणी अगदी रास्त आहे. तरीही असे बरेच उपक्रम उद्घाटनानंतर वर्षभरात थंडावतात, आणि त्यामागच्या चुका बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात.

इमारत रिकामी का पडली, हे न विचारता रंगकाम सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक. ज्या कारणाने दवाखाना ओस पडला, त्याच कारणाने पुढचा उपक्रमही ओस पडतो. बोअर उन्हाळ्यात आटते म्हणून नर्सताई तिथे राहत नव्हत्या, तर अभ्यासिकेच्या मुलींना संडासाला पाणी कुठून मिळणार? इमारत गावठाणापासून दोन किलोमीटरवर, दिवे नसलेल्या रस्त्यावर असेल, तर संध्याकाळी सातनंतर तिथे कोणती आई मुलीला पाठवेल? आपल्याकडे सरकारी इमारती पुष्कळदा जिथे जमीन फुकट मिळाली तिथे उभ्या राहिल्या. लोकांच्या पायवाटेवर नाही. त्यामुळे आधी आशाताई, जुन्या एएनएम (उपकेंद्राच्या आरोग्यसेविका), शेजारचा दुकानदार यांना विचारा: लोक यायचे कधी बंद झाले, आणि त्या वेळी काय बदललं होतं? उत्तर पाणी किंवा रस्ता असेल, तर पहिला पैसा तिकडेच घाला. उत्तर 'डॉक्टर नव्हते' असं असेल, तर इमारतीत दोष नाही. मग काम पुष्कळ सोपं आहे.

मालक कोण, हे गृहीत धरणं

गावातली इमारत गावाचीच, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, तर ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. ट्रस्टचं रुग्णालय असेल, तर तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ग्रामसभेचा ठराव हवाच, पण नुसत्या ठरावाने ताबा मिळत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोंडी होकारावर तर कधीच विसंबू नका. बदली झाली की होकार संपला.

सातबाराही काढून बघा. कित्येक ठिकाणी एखाद्या शेतकऱ्याने दवाखान्यासाठी म्हणून जमीन दिली, पण फेरफार झालाच नाही आणि उताऱ्यावर अजून त्याच घराण्याची नावं आहेत. वापर बदलला की वारस उभे राहतात, आणि त्यांचं म्हणणं चूक नसतं. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा, वृत्तान्तावर त्यांच्या सह्या घ्या.

दवाखाना पूर्ण हलवणं

हे करू नका, असं अगदी आग्रहाने सांगावंसं वाटतं. सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा राष्ट्रीय निकष आहे. गाव वाढलं की ही जागा पुन्हा लागते. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयंसुद्धा दवाखान्यासाठी घ्यावी लागली. म्हणून लसीकरण, रक्तदाब-साखर तपासणी आणि ई-संजीवनीसाठी (डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणारी सरकारी सेवा) एक खोली कायम राखा. साथीच्या काळात इमारत लगेच परत देण्याची अट करारातच घाला.

आरोग्याच्या जवळचा वापर असेल, तर मोडतोडही कमी होते. डोंगरातल्या वाड्यांवरच्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या आधी काही दिवस दवाखान्याजवळ राहता यावं म्हणून राज्याने आदिवासी भागात माहेरघर योजना आणली. जिथे जवळ प्रसूतीची सोय चालू आहे, तिथे रिकाम्या वॉर्डाला इतका चपखल वापर दुसरा नाही. खाटा, न्हाणीघर, रॅम्प सगळं तयार असतं.

वॉर्ड म्हणजे नुसती मोठी खोली, असं समजणं

भारतीय मानकांप्रमाणे वॉर्डाचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. पुस्तकांची उंच कपाटं ओळीने ठेवायच्या खोलीला किमान ६०० धरावे लागतात, सभागृहाला ५००. म्हणजे वरच्या मजल्यावर ग्रंथालय किंवा बचत गटाच्या धान्याच्या थप्प्या नकोत. वर वाचायला बसण्याची जागा ठेवा, पुस्तकं तळमजल्यावर. घाटमाथ्याच्या पावसात बंद राहिलेल्या इमारतीत स्लॅबच्या खालून सळई दिसत असेल, तर प्लास्टरचा लेप देऊन झाकू नका. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या.

वायरिंगचंही तेच. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. ती तर चालती रुग्णालयं होती. वर्षानुवर्षं बंद असलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरींवर पापडाचं यंत्र आणि गिरणी चालवणं धोक्याचं आहे.

एक लहानशी गोष्ट: जुन्या वॉर्डांना समोरासमोर मोठ्या खिडक्या असतात. खोटं छत आणि एसी बसवून त्या बुजवू नका. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना हीच खेळती हवा लागते.

सामान एका दिवसात भंगारात काढणं

सरकारी सामान जडवस्तू नोंदवहीत असतं. निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करणं, झाल्याशिवाय मोडकी खाटसुद्धा विकता येत नाही. एक्स-रे यंत्राला वीज नसेल तर त्यातून किरण निघत नाहीत, तेव्हा घाबरू नका, पण ते हलवायचं किंवा मोडीत काढायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावं लागतं. केसपेपर आणि पोलिस केसच्या नोंदी रद्दीत जाऊ देऊ नका, त्यात माणसांची खासगी दुखणी आहेत. आवारात सुया आणि बाळंतपणातली वार पुरण्याचे खड्डे कुठे आहेत, हे जुन्या कर्मचाऱ्यांकडून समजून घ्या आणि कुंपण घाला. अंगणवाडीचं खेळणं त्यावर येता कामा नये.

सुरू झालंय, पण रखडलंय?

वीजबिल अवाच्या सवा येत असेल, तर बिलावरचा मंजूर भार आणि स्थिर आकार बघा. दवाखान्याच्या यंत्रांसाठी घेतलेला भार तसाच राहिला असेल, तर वापर असो वा नसो, पैसे लागतात. भार कमी करण्याचा अर्ज महावितरणकडे द्या आणि वापराप्रमाणे दराचा वर्गही तपासून घ्या.

टाकीच्या पाण्याला वास येत असेल, तर टाकी धुऊन क्लोरीन टाका, आणि नमुना आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत प्रयोगशाळेत पाठवा.

माणसं येत नसतील, तर किल्ली कोणाकडे आहे ते पाहा. ती सरपंचांच्या घरी असेल आणि सरपंच शेतावर असतील, तर लोक दोनदा हेलपाटा घालतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. रोज उघडणाऱ्या बाईला ठरलेलं मानधन द्या, दुसरी किल्ली आरोग्याच्या खोलीत ठेवा, आणि उघडण्याची वेळ दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.