बालवाडीत पोरांना खेळवताय? मग या चुका टाळा

जुलैत कोल्हापूरचा पाऊस लागला की मैदानात चिखल, आणि पंचवीस पोरं एका खोलीत कोंडलेली. अशा वेळी वर्गातच खेळ घ्यावे लागतात आणि तिथंच घोळ होतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, म्हणून सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थांबायला न शिकवता पळायला सोडणं. मी पहिल्या वर्षी "चला पळा" म्हटलं आणि मग अर्धा तास "थांबा रे, बसा रे" ओरडून घसा बसला. आता माझ्याकडे जोतिबाच्या यात्रेतली छोटी हलगी आहे. खासबागेत कुस्तीला वाजते तशी वाजवायची, ती वाजतीय तोवर हलायचं, बंद झाली की शड्डू ठोकून जागच्या जागी पुतळा. पहिले तीन-चार दिवस दुसरा खेळच नाही, दहा सेकंद चालू, मग बंद, परत चालू. पोरांना हे लई आवडतं, कारण शड्डूचा आवाज कुणाचा मोठा यावर चुरस लागते. थांबणं जमलं की मग कुठलाही खेळ घ्या.

दुसरी चूक, "अभ्यास झाला तरच खेळ", आणि दंगा केला म्हणून खेळ बंद. अहो, जो चुळबुळ करतोय त्यालाच हालचाल पाहिजे असते ना! जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 मिनिटं तरी चांगली दम लागेल अशी. घरी गेल्यावर मोबाईल हातात येतो हे आपल्याला माहितीय, म्हणजे शाळेतलीही कापली तर राहिलं काय?

संगीत खुर्चीत बाद करू नका. जे पोरगं हळू आहे तेच आधी बाद होऊन कोपऱ्यात बसतं. खुर्च्या कमी करा, पोरं नको, शेवटी सगळी दोन खुर्च्यांवर एकमेकांच्या मांडीवर चढतात आणि हसून लोळतात. नाहीतर विषामृत घ्या, त्यात अडकलेल्याला दुसरा येऊन सोडवतो. लांब रांगा पण नकोत, पंधराव्या नंबरचं पोरगं उभं राहून पुढच्याला चिमटेच काढणार.

पायमोजे काढायला लावा, फरशीवर सटकतात. टीव्हीवर डान्सचा व्हिडिओ लावून बाईंनी वह्या तपासत बसणं, हे मी पण केलंय, पण अर्धी पोरं नुसती तोंड उघडं टाकून बघत उभी असतात.

पळापळीनंतर लगेच पाटी हातात देऊ नका. आधी दहा आकडे मोजत भिंत ढकलायला सांगा, पूर्ण जोर लावून, नाहीतर खुर्च्या जागेवर ठेवायला लावा. जोर लागणाऱ्या कामानं पोरं शांत होतात, विशेषतः जे सारखं दुसऱ्याला धडकतंय ते.

आणि एखादं येतच नसेल तर हात धरून ओढू नका. यंदा एक पोरगी दोन आठवडे दप्तर पोटाशी धरून दारापाशीच उभी होती, काही केल्या आत येईना. शेवटी तिच्या हातात हलगी दिली, म्हटलं तू वाजव, आम्ही पळतो. तिनं वाजवली, थांबवली, पंचवीस पुतळे झाले, तिनं दप्तर खाली ठेवलं. आता तिच्याकडून हलगी परत घ्यायची म्हणजे वांदेच आहेत.