वॉटर फिल्टर घ्यायच्या आधी घरातलं पाणी तपासा (लातूरकरांसाठी, आणि जिथे रोज नळ येत नाही त्या सगळ्यांसाठी)

लातूरला नळाचं पाणी मांजरा धरणातून येतं, धनेगावहून, आणि ते रोज येत नाही हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, 12 एप्रिलला पहिली गाडी आली तिच्यात 5 लाख लिटर होतं. अशा गावात घरोघरी खाली हौद, वर टाकी आणि बऱ्याच ठिकाणी बोअर असतो, आणि बोअरचं पाणी त्याच हौदात सोडलेलं असतं. म्हणून "कुठलं मशीन चांगलं" असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते, तुमच्या पिण्यात नक्की कुठलं पाणी येतंय? नळाचं, बोअरचं, टँकरचं की सगळं मिसळून? कारण ही वेगवेगळी पाणी आहेत आणि त्यांचा इलाज पण वेगवेगळा.

धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात, तिथे भीती गढूळपणाची आणि जंतूंची. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पण बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं असतं म्हणून लोक ते शुद्ध समजतात, आणि शेजारी सेप्टिक टँक असेल तर त्यातही जंतू असू शकतात.

आता तपासायचं कसं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्या आणि पाणी चार ठिकाणी वेगवेगळं मोजा: नळ आल्यावर थेट नळाचं, बोअरचं, हौदातलं आणि सध्या जे पिताय ते. भारतीय मानकात (आयएस 10500) टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पण हा मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसत नाहीत, त्यामुळे मीटरवर 150 आलं म्हणजे पाणी प्यायला सुरक्षित असं अजिबात नाही.

जंतूंसाठी आणि बाकीच्यासाठी लॅब गाठा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा असते आणि फी खाजगीपेक्षा बरीच कमी असते. तिथे कडकपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि ई-कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) एवढं तरी सांगाच. फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर नको आणि नायट्रेट 45 च्या वर नको, विशेषतः घरात तान्हं बाळ असेल तर. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या लोकांनी फ्लोराइडची टेस्ट सोडूच नये, लहान मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग पडतात ते त्याचंच लक्षण असू शकतं. जंतूंच्या टेस्टसाठी घरची बाटली धुवून नेऊ नका, लॅबमधूनच निर्जंतुक बाटली मागून घ्या, दोन-तीन मिनिटं नळ वाहू द्या मग भरा आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दारावर येणारे काही विक्रेते तुमच्या ग्लासात दोन रॉड घालून करंट सोडतात, पाणी तपकिरी होतं, आणि "बघा हे तुम्ही पिताय" म्हणतात. तो रंग तुमच्या पाण्यातली घाण नसते, रॉडचं लोखंडच विरघळून आलेलं असतं. क्षार असलेल्या कुठल्याही चांगल्या पाण्यात हे होतं, आणि आरओच्या (बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलून क्षार काढणाऱ्या मशीनच्या) पाण्यात क्षारच नसल्यासारखे असतात म्हणून करंट जात नाही आणि ते स्वच्छ दिसतं. यावरून काहीही विकत घेऊ नका.

रिपोर्ट हातात आला की निवड सोपी आहे. पिण्यात फक्त नळाचं पाणी असेल आणि टीडीएस 500 च्या आत, फ्लोराइड-नायट्रेट पण ठीक, तर यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा) आणि यूएफ (बारीक जाळीतून जंतू गाळणारा) फिल्टर पुरे, आरओची गरज नाही. यूव्हीच्या आधी सेडिमेंट फिल्टर (गाळ अडवणारा) हवाच, गढूळ पाण्यात प्रकाश जंतूंपर्यंत पोचत नाही. लाइट सारखी जात असेल तर यूएफ सोयीचं, नुसत्या पाण्याच्या दाबावर चालतं. बोअरशिवाय पर्याय नाही आणि टीडीएस हजाराच्या पुढे, किंवा फ्लोराइड-नायट्रेट जास्त, तेव्हा आरओ घ्या. घरगुती आरओ 1 लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण 3 लिटर वाया घालवतो, टंचाईच्या गावात हे फार आहे, तर ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासला वापरा, झाडांना रोज घालू नका कारण त्यात क्षार अजून वाढलेले असतात. आणि मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असेल तर नीट ऐका, तो चवीसाठी थोडं आरओ न झालेलं पाणी परत मिसळतो, म्हणजे फ्लोराइड-नायट्रेट पण परत येतं. अशा घरी मेकॅनिकला तो पूर्ण बंद करायला सांगा. नुसता अंघोळ-कपड्यांचा त्रास असेल तर सॉफ्टनर, तो पाणी मऊ करतो पण टीडीएस कमी करत नाही.

आता हौद. माझ्या मते निम्मा आजार इथूनच येतो. लाइन बरेच दिवस रिकामी राहिली की फुटक्या जॉइंटमधून बाहेरचं, कधी गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि नळ आला की तेच आधी येतं. म्हणून सुरुवातीचं पाणी हौदात सोडू नका, बादल्या भरा आणि धुण्याभांड्याला वापरा, साफ यायला लागलं की मग हौद. पिण्याचं पाणी थेट नळावरून वेगळ्या झाकणाच्या पिंपात भरा, बोअर त्यात मिसळायचाच नाही, एवढ्यानेच कितीतरी घरांची आरओची गरज संपेल. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा हलका वास येत असेल तर चांगलंच आहे. हौदातल्या पाण्यात टीसीएल (क्लोरिनची ब्लीचिंग पावडर) टाकायची तर 1000 लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर, आधी बादलीत कालवून खाली गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं ओतायचं आणि निदान अर्धा तास पाणी वापरायचं नाही. पावडर जुनी, ओली झालेली नको, तिचा जोर गेलेला असतो. कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करणं) पण पाळा, पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात.

मशीन परवडत नसेल तरी पिण्याचं पाणी सुरक्षित करता येतं. गढूळ असेल तर तुरटी फिरवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात काढा, गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर अजून एक मिनिट तरी उकळू द्या. नुसत्या तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरतीलच असं नाही. आणि उकळून फ्लोराइड-नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं, त्या पाण्याला उकळणं हा इलाजच नाही.

मशीन घेतलंच तर कार्बन फिल्टर वेळेवर बदला, क्लोरिन पुढे गेला की आरओचा मेम्ब्रेन (आतला बारीक पडदा) खराब होतो. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसतो तरी साधारण वर्षाने त्याची ताकद उतरते. दर महिन्याला मशीनच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मीटरने मोजा आणि आकडे फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहा, आरओनंतरचा टीडीएस चढायला लागला की मेम्ब्रेन तपासायला सांगा.