जमिनीवरच्या सवयी नदीत नेऊ नका: कयाकिंगमधल्या या चुका टाळा

कोलाडजवळ कुंडलिकेत शिकायला लागून तिसरा दिवस होता. रॅपिड (खळाळत्या पाण्याचा पट्टा) संपता संपता कयाक उलटली, रोल (आत बसूनच बोट पुन्हा सरळ करणं) जमला नाही, म्हणून स्कर्टची (कमरेभोवती बोटीचं तोंड झाकणाऱ्या कापडाची) पट्टी ओढून बाहेर आलो. पाणी कमरेएवढंच होतं. मग मी तेच केलं जे कोणीही केलं असतं: उभा राहिलो. डावा पाय दोन कातळांच्या फटीत गेला, मागून आलेल्या पाण्याने मला पुढे पालथं पाडलं, आणि पाय मात्र तिथेच राहिला. शिक्षकांनी काठावरून फेकलेली दोरी हाताला लागली म्हणून तोंड पाण्याबाहेर ठेवता आलं. मग काठाने वरच्या अंगाला जाऊन त्यांनी ओढलं, तेव्हा कुठे पाय सुटला. काठावर आल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पाणी गुडघ्याच्या वर होतं ना? मग उभा का राहिलास?"

त्यानंतर कुंडलिकेत आणि ऋषिकेशला गंगेत बरेच हंगाम काढले. नवशिक्यांना शिकवतानाही पाहिलं. चुका बहुतेक त्याच असतात, कारण त्या आळसाच्या नसतात, शरीराच्या असतात. जमिनीवर आपल्याला वाचवणारी प्रत्येक सवय वाहत्या पाण्यात उलटी पडते.

वाहत्या पाण्यात उभं राहणं

ही चूक सगळ्यात वर ठेवतो, कारण तिने माणसं जातात आणि ती अगदी उथळ पाण्यात होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पाय अडकलेला असताना तो रेटा थेट पाठीवर येतो. माणूस पुढे वाकतो, डोकं पाण्याखाली जातं आणि स्वतःच्या बळावर पुन्हा सरळ होणं जवळजवळ अशक्य असतं. तीन फूट पाणीही पुरतं. आपल्याकडे नदीचा तळ म्हणजे काळा कातळ, भेगा आणि कपारी. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी उन्हाळ्यात पाहिलेत, त्यांनी वाहत्या पाण्याखाली तसा तळ नुसता डोळ्यांसमोर आणून पाहावा.

बोटीबाहेर पडलात की पाठीवर व्हा. पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याच्या वर दिसतील एवढे उचललेले, गुडघे किंचित वाकलेले, कंबर वर. समोर दगड आला तर तळव्यांनी ढकला. ही स्थिती कायमची नाही, फक्त दगडांचा पट्टा पार करण्यापुरती. पुढे मोकळं पाणी दिसलं की पोटावर वळा आणि काठाकडे तिरकं, सगळा जीव लावून पोहा. पुष्कळ जण पाठीवरच निवांत पडून राहतात आणि पुढच्या रॅपिडमध्ये जातात. उंच पायरीवरून खाली पडायची वेळ आली तर मात्र पाय पसरलेले ठेवू नका, पोटाशी घ्या, नाहीतर ते तळाच्या फटीत रुततात. आणि पोटऱ्या किंवा हात तळाला घासेपर्यंत उभं राहायचं नाही. मी आजही लहानशा ओढ्यात सरपटतच काठाला येतो.

पाण्याचा आकडा न विचारता उतरणं

धरणातून विसर्ग सुटल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि क्युसेक हा शब्द डोळ्यांवरून निघून जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८० टन पाणी तुमच्यासमोरून जातंय. हे गणित एकदा स्वतः केलं की नदी वेगळी दिसायला लागते.

कुंडलिकेचं तर सगळंच या आकड्यावर चालतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज तयार झाल्यावर नदीत सुटतं, आणि त्याच पाण्यावर कोरड्या महिन्यांत राफ्ट आणि कयाक चालतात. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट तुरुंगात गेले, त्याच धरणाचं हे पाणी. सकाळी त्यावर बोट टाकताना मला दर वेळी ते आठवतं. पाणी सुटलं नाही तर पात्रात नुसते दगड दिसतात, आणि सुटलं की तासाभरात नदीचं रूप पालटतं. म्हणून आधीच काठावर जाऊन पात्रात पाय टाकून बसणं, पाणी यायच्या आत मध्यावरच्या खडकावर फोटो काढणं, या गोष्टी करू नका. भोंगा वाजला की वर या. नदीत कपडे धुणाऱ्या बायकांना पाण्याची वेळ तोंडपाठ असते. त्यांना विचारा.

रॅपिडची श्रेणी १ ते ६ असते, पण ती दगडावर कोरलेली नसते. एकाच जागी मार्चमध्ये दोन असलेली श्रेणी पावसाळ्यात चार होते. कधी उलटंही घडतं: पाणी वाढल्यावर दगड बुडतात आणि जागा सोपी वाटते, पण काठावर थांबायला शांत पाणीच उरत नाही. ऋषिकेशला पावसाळ्यात राफ्टिंग बंद ठेवतात ते उगाच नाही. सह्याद्रीत तर घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यात पोहोचायला फार वेळ घेत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं गेली. ती पोहायला किंवा बोट चालवायला गेली नव्हती, फक्त पाण्यात उभी होती.

या चुकीचं सगळ्यात जड उदाहरण तिबेटमधलं आहे. यार्लुंग त्सांगपो म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेचंच वरचं पात्र. १९९८ मध्ये अमेरिकन कयाकर तिथल्या महाघळीत उतरायला गेले. कच्चे गडी नव्हते. त्यांच्यातल्या जेमी मॅकइवानकडे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधलं कनू स्लॅलमचं कांस्यपदक होतं. त्या वर्षी पाऊस फार झाला होता आणि नदी त्यांनी धरलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी होती. तरी ते कडेकडेने, जपून उतरत राहिले. १६ ऑक्टोबरला त्यांच्यातलाच डग गॉर्डन काठालगतची एक पायरी उतरताना उलटला आणि मुख्य प्रवाहात खेचला गेला. त्याचा पत्ता पुन्हा लागला नाही. पायरी त्याच्या मानाने मोठी नव्हती, पण तिच्याशेजारून वाहणारी नदी अवाढव्य होती. २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेनच्या तुकडीने हिवाळ्यात, उतरलेल्या पाण्यात, त्या घळीचा वरचा भाग पार केला. जागा एक, कसबही तोडीस तोड, फरक होता तो मुख्यतः पाण्याचा. म्हणूनच रॅपिड पाहताना एवढंच विचारू नका की मला हे जमेल का. जमलं नाही तर खाली मी कुठे जाईन, तेही पाहा.

बंधाऱ्याला धबधबा समजणं

महाराष्ट्रात कयाक घेऊन फिरणाऱ्यांनी हे जपून वाचावं. चार-पाच फुटांचा बंधारा, पाणी एकसारखं गुळगुळीत सांडतंय, खाली पांढरा फेस. पाहायला सुरेख. पण खाली पडलेलं पाणी तळाला जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरून परत भिंतीकडेच फिरतं. नदीत दगडामागे असंच उलटं फिरणारं पाणी, म्हणजे होल, असतं, पण त्या नैसर्गिक होलला बहुधा कुठेतरी तोंड असतं, बाजूने निसटता येतं. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असतो, त्यामुळे निसटायला जागा नसते. फेसाळ पाण्यात हवा भरलेली असल्याने लाइफ जॅकेटही नेहमीसारखं उचलत नाही.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा धोका दोन तऱ्हांचा. पावसाळ्यानंतर खांबांमध्ये बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की ती भिंत होते. बर्गे काढलेले असले की पाणी खांबांमधून जातं, आणि तिथे ओंडके, काटेरी फांद्या, जलपर्णी अडकून जाळी तयार झालेली असते. पाणी जाळीतून जातं, माणूस जात नाही. पडलेल्या झाडाचंही तेच. बंधारा आला की बरंच आधी काठाला लागा आणि बोट खांद्यावर घ्या. झाडाकडे वाहत चाललाच आहात आणि टळणार नाही असं दिसलं, तर पाय पुढे ठेवून जाऊ नका, फांद्यांखाली ओढले जाल. तोंड झाडाकडे करून जोरात पोहा आणि छाती वर येईल अशा बेताने त्यावर चढा. हे वाचून जमत नाही. शांत पाण्यात आडवा बांबू बांधून दहा वेळा करून पाहा.

बोट सारखी उलटते

नवशिक्यांची ही रोजची तक्रार. कारणं थोडीच असतात.

दगड जवळ आला की माणूस दगडापासून लांब, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकतो. त्याबरोबर बोटीची वरची कड पाण्यात बुडते, पाणी तिच्यावर चढतं आणि बोट क्षणात पालथी होते. दगडाकडे झुका, त्याला मिठीच मारा. पाणी बोटीखालून जाईल आणि तुम्हाला बाजूने सरकायला अवसर मिळेल. एडीत, म्हणजे दगडामागच्या शांत, उलट फिरणाऱ्या पाण्यात, शिरताना आणि बाहेर पडतानाही नियम तोच: ज्या दिशेने वळताय तिकडे झुका, सायकल वळवताना झुकतो तसं.

दुसरं, लाट आली की पॅडल थांबवणं. सायकल थांबली की पडते. पॅडल पाण्यात असतं तोवर तुम्हाला आधार असतो.

तिसरं कारण बहुतेक कोणी पाहत नाही, ते म्हणजे ढिली बैठक. पायांना टेकू लागत नाही, मांड्या आतून घट्ट बसत नाहीत, पाठीचा पट्टा सैल. मग तुम्ही कंबर हलवता आणि बोटीला ते कळतच नाही. भाड्याची बोट असली तरी पाण्यात जाण्याआधी काठावर दहा मिनिटं तिच्यात बसून सगळं नीट लावून घ्या. बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं मागचं बूच बसलंय का ते पाहा. बूच विसरल्याने हळूहळू जड होत गेलेली बोट मी दोनदा ओढून आणली आहे. स्कर्ट लावल्यावर त्याची पट्टी बाहेर आहे ना, हे हाताने चाचपून पाहा. ती आत दडपली गेली तर पाण्याखाली उलटं लटकताना सापडत नाही.

रोल डोहात जमतो, रॅपिडमध्ये नाही

पाण्याखाली जीव घाबरला की डोकं आधी वर यायला बघतं. डोकं उचललं की त्याचं वजन बोटीला परत खाली दाबतं. क्रम कंबर, धड आणि सगळ्यात शेवटी डोकं असा हवा. वर येताना नजर पॅडलच्या पात्यावर ठेवा म्हणजे डोकं आपोआप खाली राहतं. दुसरी चूक घाईची. पॅडल बोटीला समांतर लागण्याआधीच झटका मारला जातो. पुढे वाकून पॅडल लागल्याची खात्री होईपर्यंत थांबा. त्या वेळी वाकलेलं असल्याने तोंडही दगडांपासून वाचतं. एक प्रयत्न फसला तर पुन्हा पहिल्यापासून लावा, अर्धवट जागेवरून ओढू नका.

डोहातून थेट रॅपिडमध्ये जाऊ नका. मधे एक पायरी आहे: जिथे प्रवाह आणि एडी भेटतात त्या रेषेवर मुद्दाम उलटून रोल करायचा, खाली खोल, स्वच्छ पाणी असेल अशा जागी.

खांदा

तोल सावरताना हात डोक्याच्या वर, मागे गेला आणि लाटेने पॅडल ओढलं की खांदा निखळतो. कोपर खांद्याच्या खाली आणि हात छातीसमोर, ही चौकट कधी मोडू नका. मागे वळायचं असेल तर हात नाही, पूर्ण धड वळवा. निखळलाच तर काठावरच्या उत्साही मित्राला ओढू देऊ नका. हात जवळ बांधून दवाखाना गाठा.

दोरी हाताला बांधणं

दोरी सुटू नये म्हणून मनगटाला वेढा घालणं ही अगदी घरगुती सवय, विहिरीवरून आलेली. नदीत ती जीव घेते. फेकणाऱ्यानेही दोरी अंगाला बांधू नये आणि वाहणाऱ्यानेही. फेकण्याआधी मोठ्याने "दोरी!" असं ओरडा. पोहणाऱ्याने दोरी ठेवलेली पिशवी नव्हे, दोरी धरावी, छातीशी घ्यावी आणि पाठीवर वळावं म्हणजे पाणी तोंडावर येत नाही. दोरी बाळगणाऱ्याकडे चाकू हवाच.

गंगा थंड आहे हे विसरणं

काठावर ऊन असतं आणि पाणी हिमनदीचं. थंड पाण्यासाठी १-१०-१ असा हिशेब सांगतात: पहिला १ मिनिट श्वास आवरायला, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला १ तासाच्या आसपास. पहिल्या धक्क्यात माणूस आपसूक मोठा श्वास घेतो. तोंड पाण्यात असेल तर तिथेच घात होतो. सुती टी-शर्ट नको. लाइफ जॅकेटचे पट्टे एवढे आवळा की कोणी खांद्यांना धरून उचललं तर ते हनुवटीपर्यंत सरकणार नाही.

एकट्याने जाणं, आणि नाही म्हणायची लाज

नूरिया न्यूमन ही जगातल्या उत्तम कयाकरांपैकी एक. २०१८ मध्ये लडाखमधल्या एकटीच्या मोहिमेत तीही बुडता बुडता वाचली. आपण तिघांपेक्षा कमी जणांनी उतरू नये: एक अडचणीत, एक त्याच्याजवळ, एक मदत आणायला मोकळा. खुणा आधी ठरवा. पॅडल उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, आणि हात नेहमी जायच्या दिशेला, धोक्याकडे कधीच नाही. पाण्याच्या आवाजात तुमचं बोट कशाला दाखवतंय हे कोणी विचारू शकत नाही.

ऋषिकेशच्या वर गंगेवर ब्यासीजवळचा ‘द वॉल’ हा रॅपिड आला की अनुभवी गाईडही पुष्कळदा माणसांना उतरवून काठाने नेतात. तिथे बोट उचलून चालणाऱ्याकडे मी कधी कोणाला हसताना पाहिलेलं नाही. उतरायचं की चालायचं हे ज्याने त्याने ठरवावं, आणि सोबत्यांनी त्याला पुन्हा विचारू नये.

बाहेर निघाल्यावर एक गोष्ट राहते. पाणी नाकातोंडात जाऊन कोणी बराच वेळ खोकत असेल, धाप लागत असेल किंवा गुंगल्यासारखं वागत असेल, तर "आता बरंय" या शब्दावर सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि त्याला एकट्याला गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका.