अरुंद आयलसाठी फोर्कलिफ्ट घेताय? या चुका टाळा

जागा वाचवायची म्हणून आधी रॅक ठोकायचे आणि मग "आता यात चालेल अशी गाडी सांगा" म्हणून फोन करायचा, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. आधी पॅलेट (माल रचायची फळी) ठरवा, मग गाडी, मग आयल, म्हणजे दोन रॅकमधली गाडीची वाट. रॅकवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा.

ढोबळ अंदाज असा: मागे वजन असलेल्या साध्या काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टला 3.5 ते 4 मीटर आयल लागते, काटे पुढे सरकवून पॅलेट उचलणाऱ्या रीच ट्रकला 2.7 ते 3, मधून वळणाऱ्या आर्टिक्युलेटेड गाडीला 2 च्या आसपास, आणि व्हीएनएला, म्हणजे अगदी अरुंद आयलच्या खास गाडीला, 1.6 ते 1.8. यावरून ऑर्डर मात्र देऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आयल अपराइटपासून (रॅकच्या उभ्या खांबापासून) अपराइटपर्यंत मोजणं. चाकणच्या एका गोडाऊनमध्ये आयल होती 2.8 मीटर आणि रीच ट्रकच्या ब्रोशरमध्ये आकडा होता 2.75. पाच सेंटीमीटर शिल्लक, म्हणून सगळे खूश. पण रॅकची फ्रेम 1000 मिमी खोल आणि पॅलेट 1200, म्हणजे प्रत्येक पॅलेट 100 मिमी आयलमध्ये डोकावणार. दोन्ही बाजू धरल्या की उरले 2.6. तरीही गाडी वळायची, कारण ब्रोशरच्या आकड्यात साधारण 200 मिमी मोकळी जागा आधीच धरलेली असते. ती जवळजवळ सगळी खाऊन गाडी वळत होती. महिन्याभरात कार्टन फाटायला लागले, खालच्या अपराइटना पोचे आले. मॅनेजरसाहेबांनी काय केलं, तर ऑपरेटर बदलला. नव्यानेही तेच अपराइट ठोकले! शेवटी फरशीतले अँकर बोल्ट कापून पाठीला पाठ लावलेल्या रॅकची एक अख्खी डबल रांग काढावी लागली, तेव्हा कुठे बाकीच्या सरकवता आल्या. वाचवलेली जागा गेली, वर फरशीला भोकं.

माझी सवय सांगतो. रॅक यायच्या आधी रिकाम्या फरशीवर खडूने आयल आखायची, दोन्ही रेषांवर भरलेली पॅलेट ठेवायची आणि डेमोची गाडी आणून तिथे पॅलेट काढायला-ठेवायला लावायची. गाडी विक्रेत्याचा माणूस नाही, आपला ऑपरेटर चालवणार. "साहेब, ड्रॉइंगमध्ये बसतंय ना" म्हणणाऱ्यांना अर्धा दिवस जास्त वाटतो. वाटू दे.

दुसरी चूक क्षमतेची. गाडीवर 1.6 टन लिहिलंय म्हणून दहा मीटरवर 1.6 टन चढवायला निघतात. मास्ट (काटे वर नेणारा उभा सांगाडा) जितका वर जाईल तितकी उचलायची ताकद कमी होते. वरच्या बीमवर तीच गाडी कित्येकदा हजार किलोच्या आसपासच झेलते. लोड सेंटर, म्हणजे काट्याच्या मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर, 600 मिमीच्या पुढे गेलं की आणखी कमी. केबिनमधली लोड प्लेट (किती उंचीवर किती वजन, ते सांगणारी पाटी) वाचा, आणि कोटेशन मागतानाच सगळ्यात वरच्या लेव्हलची उंची आणि सर्वात जड पॅलेटचं वजन लिहून द्या. "दीड टनवाली द्या" ही काही मागणी नव्हे.

व्हीएनए घ्यायची हौस असेल तर आधी फरशी तपासा. खाली दोन-तीन मिलीमीटरचा उंचसखलपणा असला तरी वर मास्ट त्याच्या कितीतरी पट झुकतो. शिवाय ती आयलबाहेर फिरायची गाडी नाही. तोंडाशी पॅलेट आणून ठेवायला जागा आणि दुसरी गाडी लागतेच, तो खर्च धरा.

रीच ट्रकची पॉलियुरेथेनची चाकं गुळगुळीत फरशीसाठी असतात. पावसात यार्डमध्ये नेऊन ट्रक खाली करू नका.

आर्टिक्युलेटेडवर काउंटरबॅलन्सचा ड्रायव्हर थेट बसवू नका. पुढचा भाग वळतो तेव्हा मागचा कुठे जातो, हे हाताला बसायला वेळ लागतो. "मला येतं" म्हणणारा पहिल्याच आठवड्यात रॅकला लागतो.

लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, आधी नाही.

आणि गाडी ठरली की मास्ट पूर्ण खाली असतानाची उंची दाराच्या उंचीशी ताडून बघा. शटर गुंडाळल्यावर खाली किती लोंबतं तेही मोजा.