दमास्कस सुरीची नक्षी उठवताना

दमास्कस म्हणजे दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेलं पातं. घासून गुळगुळीत केलं की त्यावरची थरांची नक्षी जवळजवळ दिसतच नाही. ती फेरिक क्लोराइड उठवतं. सर्किट बोर्डासाठी वापरतात तेच रसायन, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. एक भाग द्रावण, तीन-चार भाग पाणी. घट्ट द्रावणाने काम लवकर होतं, पण रेषा खरबरीत येतात. पावडर आणली असेल तर ती पाण्यात थोडी थोडी टाका, पावडरवर पाणी ओतू नका, फार तापते.

आधी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत एकाच दिशेने घासा. मग अॅसिटोनने पुसा आणि पातं उघड्या बोटांनी धरू नका, ठसा तसाच उमटतो. (माझ्या पहिल्या सुरीवर अंगठा अजून आहे.) दहा मिनिटं बुडवा, काळी साय पुसा, पुन्हा बुडवा, असं तीन-चारदा. थरांमधलं १०९५ जातीचं पोलाद काळं पडतं, निकेलवालं १५एन२० चकाकत राहतं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा, कोरडं करून तेल लावा.

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच. स्टीलचं सिंक मात्र टाळा, त्यालाही खड्डे पडतात. आणि पावसाळ्यात सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका. इथल्या दमट हवेत आठवड्यात गंज धरते.